जुनी लेबलं चालतील

ओदेत मिशोनं गुरुवारी सकाळी सासूची तोंडं चुलीत घातली. एकदोन नव्हे, खोकेच्या खोके.

म्हणजे लेबलं हो. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर चिकटवायची पिवळ्या कागदाची लेबलं. मधोमध सासूचा, एक्झिल्दाचा, डोक्याला रुमाल बांधलेला फोटो, खाली फरच्या झाडाची एक फांदी आणि 'मेमेरचा डिंक' अशी अक्षरं. मेमेर म्हणजे आजी. सगळं गाव एक्झिल्दाला मेमेर म्हणायचं, सूनसुद्धा. खुद्द म्हातारीला तो फोटो कधीच पटला नाही. "दाढ दुखत असताना काढलाय मेल्यानं," असं ती नवी बाटली दिसली की म्हणायची, आणि नवी बाटली तर रोजच दिसायची.

लेबलं झकास पेटली. मागचा गोंद चरचरत होता. ओदेत मूठमूठ भरून आत टाकत होती आणि तिला इतकं हलकं वाटत होतं की मध्येच थांबून तिनं स्वतःला विचारलं, अगं, तुला लाज कशी वाटत नाही? लाज वाटत नव्हती. म्हातारी चुलीशेजारी झुलत्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती. झोपली असेल, असं ओदेतनं धरलं आणि पुढचं खोकं उघडलं.

झालं होतं असं, की कॅनडाच्या राजधानीतल्या, ओटावाच्या आरोग्य खात्यानं नियम आणला होता. झाडपाल्याचं औषध विकायचं तर बाटलीवर नीट तक्ता हवा. आत काय काय आहे, किती आहे, कुणी घ्यायचं नाही, कशाची बाधा होऊ शकते, सगळं फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही भाषांत, आणि अक्षर चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं. ओदेतची बाटली मुठीत मावणारी. तिच्यावर हे सगळं लिहायचं तर बाटलीला घेरदार परकरच नेसवावा लागला असता. मोठ्या कारखान्यांना जमतं. एका बाईच्या स्वयंपाकघराला कसं जमणार? तेव्हा ओदेतनं सांगून टाकलं, मी बंद करते.

गाव हळहळलं. दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, पेट्रोल भरताना, जो तो तिचा हात धरून म्हणायचा, "काय गं हे. शंभर वर्षांचं औषध, आणि एका कागदापायी बुडालं." ओदेत मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, बिचारीला रडू आवरत नाहीये. खरं म्हणजे तोंडावरचा आनंद कुणाला दिसू नये म्हणून ती मान खाली घालत होती. आणि मनातल्या मनात तिला तो नियम शहाणाच वाटत होता. औषधात काय आहे ते घेणाऱ्याला कळायला नको? पण हे बोलायचं कुणाजवळ? तिचा दीर लिआँद्र तर त्या नियमाला इतक्या शिव्या घालत होता की त्याच्या गॅरेजमध्ये गाडी दुरुस्त करायला गेलेल्या माणसाला आधी अर्धा तास त्याच ऐकाव्या लागत.

लिआँद्रचं काय जातंय म्हणा. उंटावरून शेळ्या हाकणं त्याला छान जमायचं. डिंक काढायचा असतो जुलैत. फरच्या सालीवर फोड येतात, बोटाच्या पेरासारखे. पत्र्याच्या डब्याला पुढं टोकदार चोच असते, ती फोडात खुपसायची आणि अंगठ्यानं दाबायचं, मग थेंबभर डिंक डब्यात उतरतो. थेंबभर, बरं का. डबा भरायला दिवस जातो. पाऊस पडून गेला असेल तर साल ओली असते आणि डिंक पांढरा पडतो, तो टाकून द्यायचा. उन्हाचा दिवस गाठावा तर काळ्या माश्या कानामागं चावून रक्त काढतात. घरी यायचं, हात काळेकुट्ट आणि चिकट, साबणानं काही होत नाही, लोणी चोळायचं आणि मग फडक्यानं पुसायचं. नवरा होता तोवर दोघं जायची. रेआल गेल्यापासून ओदेत एकटीच जात होती. लिआँद्रची कंबर बरोबर जुलैतच धरायची.

आणि हे काम तिनं मागून घेतलेलं नव्हतं. लग्न झालं त्याच आठवड्यात एक्झिल्दानं तो चोचीचा डबा तिच्या हातात दिला होता. "माझा खांदा धरलाय. थोडे दिवस तू जा." ते थोडे दिवस अजून चालूच होते. ओदेतचे केस पांढरे झाले, रेआलला मातीत ठेवलं, म्हातारी नव्वदीला टेकली, तरी थोडे दिवस काही संपेनात.

आमच्या या नदीकाठच्या गावांत बाईनं 'मी दमले' म्हणायची पद्धत नाही. घोडा दमतो. बाई 'जरा बसते' म्हणते आणि बसल्याबसल्या बटाटे सोलते. तेव्हा ओदेतला जे तोंडानं म्हणता येत नव्हतं ते सरकारनं कागदावर लिहून दिलं होतं. तिला वाटलं, देव पावला. आता जुलै येईल, आणि ती डोंगराकडे पाठ करून नदीत पाय सोडून बसेल. बस्स. याहून जास्त तिला काही नको होतं.

रविवारी प्रार्थनेनंतर गावानं चर्चच्या सभागृहात तिच्यासाठी जेवण ठेवलं. स्वयंपाकाची सूत्रं कोलेटकडे. कोलेट म्हणजे ओदेतची शेजारीण, दुसऱ्याच्या दुःखाला सगळ्यात आधी भांडं घेऊन पोचणारी. तिनं कोंबडीचा रस्सा केला होता, कुट्टूच्या पिठाची प्लॉय, म्हणजे आमची धिरडी, केली होती, एकाच बाजूनं भाजलेली, वर जाळी पडलेली, आणि त्यांच्यावर घालायला काकवी. म्हाताऱ्या मेमेरला पहिल्या रांगेत शाल पांघरून बसवलं. सगळे येऊन तिच्या हाताचं चुंबन घेत होते, जसं काही तीच गेली.

मग भेट दिली. लिआँद्रनं ओदेतचा तो चोचीचा जुना डबा गुपचूप गोठ्यातून उचलून नेला होता, त्याला चंदेरी रंग फासला होता आणि गुळगुळीत फळीवर चार स्क्रूंनी बसवला होता. खाली तिचं नाव. टाळ्या झाल्या. ओदेतनं फळी मांडीवर घेतली. डबा स्क्रूंनी जखडलेला पाहून तिला जे समाधान झालं ते काय सांगू. ती खरंच रडली. कोलेटही रडली.

"बोल काहीतरी," कोलेट म्हणाली.

"काय बोलू? जेवण छान झालंय."

तेवढ्यात लिआँद्रच्या खिशातला फोन वाजला. दुकानदार संघटनेचा निरोप होता. त्यानं वाचला. पुन्हा वाचला. मग ध्वनिक्षेपक हातात घेतला. लिआँद्रच्या हातात ते यंत्र गेलं की प्लॉय थंड होतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या दिवशी तो थोडक्यात बोलला.

"मंडळी, नियम थांबवलाय. तात्पुरती सवलत. नवा तक्ता सध्या नको. आपल्यासारख्या छोट्यांनी जुनीच लेबलं लावली तरी चालतील. पुढची सूचना येईपर्यंत."

सभागृह उठून उभं राहिलं. कुणी टेबलं बडवली, कुणी शिट्टी मारली. लिआँद्रनं महिन्यामागं खासदाराला एक पत्र धाडलं होतं, त्यामुळं कोंबडा आरवला म्हणूनच सूर्य उगवला अशी त्याची खात्री झाली आणि तो सगळ्यांचे हात हातात घेऊ लागला. कोलेटनं ओदेतला मिठी मारली. "वाचलीस गं बाई, वाचलीस."

ओदेतनं मांडीवरची फळी घट्ट धरली. मग कळलं. जुलै गेला. पाय गेले, नदी गेली. पुढची सूचना येईपर्यंत म्हणजे कधीपर्यंत? ज्यानं हे तात्पुरतं सोसलंय त्यालाच ठाऊक, तात्पुरत्याइतकं लांब काही नसतं.

लिआँद्र स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच आला होता, मेकॅनिक तो. त्यानं फळी तिच्या मांडीवरून उचलली आणि डबा सोडवायला लागला. "घे वहिनी, परत कामाला लाव. रंग काय, खरवडला की निघेल." एक, दोन, तीन, चार स्क्रू टेबलावर पडले. डबा तिच्यासमोर आला, काकवीच्या भांड्याशेजारी.

"आणि ऐक," तो म्हणाला, "बाटल्या भरून तयार आहेत ना तुझ्या? शेवटच्या घाण्याच्या? लेबलांशिवाय पडल्यात म्हणालीस. आणि माळ्यावर खोकी भरून लेबलं आहेत, मी डोळ्यांनी पाहिलीत. मग वाट कसली बघायची?" तो लोकांकडे वळला. "सगळे चला. एवढे हात लागले तर संध्याकाळच्या आत बाटल्या दुकानात."

ही आमची रीतच. कुणाचं धान्याचं कोठार जळालं, कुणाची बाई बाळंतीण झाली, कुणाचं काही अडलं की सगळ्यांनी जायचं आणि हात लावायचा. नको म्हणायची सोय नाही, नको म्हटलं तर लोक समजतात लाजतेय. बायांनी ताटं गोळा करायला घेतली. पुरुष कोट शोधू लागले. कुणीतरी मेमेरची चाकांची खुर्चीही दाराकडे वळवली.

"लेबलं नाहीत," ओदेत म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. ती उभी राहिली आणि पुन्हा म्हणाली, "लेबलं नाहीत. जळाली."

आता ऐकलं. लिआँद्र एका बाहीत हात घालून तसाच थांबला. "जळाली? कशी जळाली? माळ्याला आग लागली होती?"

ओदेतनं नाही म्हणून मान हलवली. आणि पहिल्या रांगेतून म्हातारीचा आवाज आला.

"मी जाळली."

सगळ्यांनी वळून पाहिलं. एक्झिल्दा शाल सावरत म्हणाली, "काय बघताय? माझंच तोंड होतं ना त्याच्यावर? दाढ दुखत असताना काढलेलं. जायच्या आधी म्हटलं, एवढं तरी काम उरकावं. घातली चुलीत."

जो हशा पिकला म्हणता. मेमेर ती मेमेरच, नव्वदीला टेकली तरी खोडी जात नाही. लिआँद्र डोळे पुसत हसत होता. "अगं आई, मग तोंडानं सांगायचं ना. नवा फोटो काढू. एडमन्स्टन शहरातला छापखानेवाला माझ्या ओळखीचा आहे. दोन दिवसांत जशीच्या तशी लेबलं छापून देतो. जुनी चालतात तर जुन्यासारखी नवी का नाही चालणार? काही अडत नाही वहिनी. तू फक्त डिंकाचं बघ."

म्हातारीनं सुनेकडे पाहिलं. माझ्याकडून होतं तेवढं मी केलं, असं त्या नजरेत होतं. ओदेतला तेव्हा समजलं, गुरुवारी ही झोपली नव्हती.

तिनं खाली पाहिलं. डब्याच्या चोचीवर चंदेरी रंग नीट बसलेला नव्हता, आतला काळा डिंक दिसत होता. आता गप्प बसलं तर छापखाना, मग जुलै, मग पुढचा जुलै. सरकार पुन्हा नियम लावेल, पुन्हा थांबवेल, आणि आपण त्या दाराच्या उघडझापीकडे बघत म्हातारं व्हायचं. आणि नियमानं सुटका केली तरी ती काय सुटका.

"मेमेर खोटं बोलतायत," ती म्हणाली. "मी जाळली. मुद्दाम. नियमबियम काही नाही. मला हे काम नको झालंय. मी दमलेय."

तो शब्द सभागृहात असा पडला की कोलेटच्या हातातली ताटं वाजायची थांबली.

लिआँद्र आधी हसला, मग कोणी हसत नाही हे पाहून गंभीर झाला. "दमलीस तर विश्रांती घे की. कोण नाही म्हणतंय? थोडे दिवस घे, तात्पुरती..."

"तात्पुरतं नको," ओदेत म्हणाली. "तात्पुरतं मी लग्नापासून करतेय. मला एक जुलै नदीत पाय सोडून बसायचंय. आणि मग पुढचाही."

"मग आम्ही हे सगळं?" कोलेटचा चेहरा पडला होता. तिनं ताटं टेबलावर ठेवली. "मी कालपासून कोंबड्या सोलतेय ओदेत. मी तुझ्यासाठी मेणबत्ती लावली चर्चमध्ये. तू सांगायचंस तरी."

हे मात्र लागलं. लिआँद्रचं काही लागत नव्हतं, हे लागलं. ओदेत म्हणाली, "चुकलं माझं. तुम्ही सगळे सरकारला नावं ठेवत होतात आणि मला जवळ घेत होतात. मला बरं वाटत होतं. रेआल गेला तेव्हापासून कुणी असं जवळ घेतलं नव्हतं. मी दमले म्हटलं असतं तर घेतलं असतंत?"

कोलेट ताटं पुन्हा एकावर एक रचायला लागली. घेतलं असतं म्हणायला ती खोटं बोलणारी बाई नव्हे.

"पण औषध?" मागून कुणीतरी विचारलं. "हिवाळ्यात पोरं खोकायला लागली म्हणजे?"

"झाडं तिथंच आहेत, डिंकही आहे. घाणा कसा करायचा ते मी शिकवते, काही लपवायचं नाही." ओदेतनं डबा उचलला आणि दिरापुढं धरला. "घे. तुमच्या घराण्याचं औषध आहे ना? जुलै लागला की जा."

लिआँद्रचा हात आपोआप कमरेवर गेला. त्याचं त्यालाच कळलं असावं, कारण हात लगेच खाली आला, पण पाहणाऱ्यांनी पाहिलं. तिनं डबा पुढच्या टेबलाकडे धरला, मग त्याच्या पुढच्या. माणसं ताटांकडे बघू लागली. शंभर वर्षांच्या औषधासाठी आत्ताच टेबलं बडवणारे ते हात सगळे एकदम खिशात गेले. दोष देत नाही मी कुणाला. काळ्या माश्या काय असतात ते सगळ्यांना माहीत आहे.

ओदेतनं डबा पुन्हा काकवीच्या भांड्याशेजारी ठेवला. सासूची खुर्ची फिरवली आणि बाहेर पडली. दार कुणी धरलं नाही, पण अडवलंही नाही. रस्त्याकडेचं बर्फ वितळून चिखल झाला होता, त्यात खुर्चीची चाकं रुतत होती आणि ती दोन्ही हातांनी रेटत होती.

घरी येऊन तिनं म्हातारीला चुलीशेजारी बसवलं आणि स्वतः लाकडांच्या पेटीवर बसली, अंगात कोट तसाच, बूट तसेच. बटाटे सोलायचे होते. ती उठली नाही.

"जाग्या होतात ना तुम्ही?" तिनं विचारलं.

"तू इतकी धडधड खोकी फोडत होतीस, मेलेलं माणूस जागं झालं असतं," एक्झिल्दा म्हणाली. "ऊब छान आली पण. एवढी वर्षं त्या तोंडाचा पहिल्यांदाच उपयोग झाला."

ओदेतला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचायला फार लांब होतं.

"खोटं कशाला बोललात?"

"तुला सवलत मिळावी म्हणून. दुसरं काय आहे माझ्याजवळ द्यायला?" म्हातारी खुर्चीत झुलत म्हणाली. "तो डबा तुझ्या हातात दिला तेव्हा मी तुला विचारलं नव्हतं."

"नाही विचारलंत."

"विचारलं असतं तर?"

"नाही म्हटलं असतं."

"म्हणून तर विचारलं नाही."

ओदेतला रागवायचं होतं. कितीतरी वर्षांचा साठलेला राग होता आणि आज हक्काचा दिवस होता. पण रागवायलाही अंगात काही लागतं. ती पेटीवर तशीच बसून राहिली. खिडकीतून नदी दिसत होती, अजून बर्फाचे तुकडे वाहत होते. पलीकडच्या काठावरची अमेरिकाही तेवढीच दमलेली दिसत होती.

"तुझ्या त्या नदीवर," एक्झिल्दा म्हणाली, "मलाही ने जुलैत. एवढं आयुष्य हिच्या काठावर काढलं, पाय काही कधी घातले नाहीत पाण्यात. जुलैत वेळ कुणाला होता?"

"तुम्हाला उचलून न्यावं लागेल मेमेर. उतार आहे तिथं."

"माहीत आहे."

बूट काढायला ओदेत खाली वाकली, आणि नाड्या सोडता सोडता तिच्या मनात एवढंच आलं, की खुर्च्या दोन लागतील.